वॉकीटॉकीवर कसं बोलायचं: नौदलाच्या वैमानिकांकडून घेण्यासारख्या सवयी

तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा असते, तेव्हा नाशिकहून आमच्यासारखे बरेच स्वयंसेवक वॉकीटॉकी घेऊन वाटेवर उभे असतात. एकदा आमच्यातल्या एकाने "पॉइंट एकोणसाठला पाणी पाठवा" असं सांगितलं, पलीकडे ते एकोणसत्तर ऐकू आलं आणि टँकर भलतीकडेच गेला, उन्हात माणसं ताटकळली. तेव्हापासून नौदलाचे वैमानिक रेडिओवर कसे बोलतात ते मी वाचत आलोय. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय म्हणून म्हटलं लिहूनच काढू.

आधी एक गोष्ट पक्की करा, सेट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या लायसन्स न लागणाऱ्या बँडचाच घ्या, नाहीतर परीक्षा देऊन हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स काढा. ओझरच्या विमानतळाच्या किंवा गांधीनगरच्या आर्मी हेलिकॉप्टरवाल्यांच्या फ्रिक्वेन्सीच्या वाटेला अजिबात जायचं नाही.

आता मुद्द्याचं. नौदल एकच असलं तरी फायटरवाले, हेलिकॉप्टरवाले आणि गस्तीच्या विमानातले लोक, तिघांची बोलायची तऱ्हा वेगळी, कारण तिघांची अडचण वेगळी.

फायटरवाल्याकडे वेळ नसतो. अमेरिकन नौदलात जहाजावर उतरताना पायलट एका दमात विमानाचा नंबर, विमानाचा प्रकार, 'बॉल' आणि उरलेलं इंधन सांगतो. बॉल म्हणजे उतरायची वाट दाखवणारा दिवा दिसला, आणि इंधन "पाच पॉइंट दोन" म्हणजे ५,२०० पाउंड. डेकवरून उत्तर येतं "रॉजर बॉल", बस. दिवसा हवा स्वच्छ असली तर कधीकधी तेवढंही बोलत नाहीत, त्याला 'झिप लिप' म्हणतात, मग डेकवरचा ऑफिसर हिरवे दिवे चमकवून 'रॉजर बॉल' कळवतो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट नावाची आहे. जुन्या हॉर्नेट फायटर विमानापेक्षा नवं सुपर हॉर्नेट जड, आणि विमान अडवणारी तार वजनाप्रमाणे सेट करावी लागते, म्हणून दोघांत गफलत होऊ नये यासाठी रेडिओवर सुपर हॉर्नेटला 'रायनो' म्हणतात.

आपल्याकडे हे लगेच लागू करता येतं. रामकुंड, लक्ष्मणकुंड, सीताकुंड अशी नावं खरखरीत नुसती 'कुंड' ऐकू येतात, त्यामुळे आधीच ठरवून प्रत्येक जागेला आवाजाने वेगळं नाव द्या. आणि आकडे सुटे बोला, "पाच नऊ", "सहा नऊ". मराठीत एकोणतीसपासून एकोणऐंशीपर्यंत सगळे भाऊ-भाऊच आहेत हो, गर्दीच्या आवाजात कोण ओळखणार.

हेलिकॉप्टरवाले इंधन पाउंडात न सांगता वेळेत सांगतात, तास आणि मिनिटं, सोबत आत किती जीव आहेत तो आकडा, आणि ठरलेल्या वेळाने "ऑप्स नॉर्मल", म्हणजे सगळं ठीक, असं कळवत राहतात. लांबच्या पॉइंटवर हीच पद्धत लावा. दर अर्ध्या तासाने "पॉइंट चार, चौघे आहोत, बॅटरी दीड तास, सगळं ठीक", आणि कॉल आला नाही तर कंट्रोलवाल्याने वाट न बघता स्वतः हाक मारायची. ही सवय मला सगळ्यात मोलाची वाटते कारण घसरून पडलेला माणूस स्वतः बटण दाबेलच असं नसतं.

गस्तीच्या विमानातलं वेगळंच. आपल्या नौदलाची पी-८आय तमिळनाडूत अरक्कोणमच्या आयएनएस राजाळीवरून उडतात, तासन्‌तास समुद्रावर, आत आठ-नऊ जणांचा क्रू. अशा विमानांत इंटरकॉमवर माणसाच्या नावाने नाही तर कामाच्या नावाने हाक मारायची रीत आहे. आपल्याकडेही शिफ्ट बदलली की माणूस बदलतो, म्हणून "सुनील" नाही, "घाट दोन" म्हणा. मोठा निरोप असेल तर ऐकणाऱ्याने लिहून घेऊन जसाच्या तसा परत वाचायचा, नुसतं "हो हो कळलं" चालवून घ्यायचं नाही.

बाकी बटण दाबलं की लगेच बोलू नका, सेकंदभर थांबा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. बोलून झालं की बोट काढलंय ना ते बघा, एकाचं बटण अडकलं की सगळ्यांचा चॅनेल बंद.

सरावाला रविवारी सकाळी पांडवलेणीच्या डोंगराच्या दोन बाजूंना दोघांना उभं करा, मधे डोंगर आला की आवाजाचं काय होतं ते तिथेच कळेल, आणि एकोणसाठ-एकोणसत्तर मुद्दाम बोलून बघा.