जुन्या गाडीचा गंज: झाकण्याआधी सुकवा, आणि या चुका टाळा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुवायची हा आमच्या घरचा नेम. दोन वर्षांपूर्वी तशीच धुवायला घेतली, आतले मॅट वाळत टाकले आणि सहज म्हणून ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचाही उचलला. खालचा फोम गच्च ओला. पावसाने आठवड्यापूर्वीच उघडीप दिली होती, तरी पिळला तर पाणी निघेल इतका ओला. पत्र्यावर अंगठा दाबला तर तो पापडासारखा मोडला आणि भोकातून अंगणातला चिरा दिसला.

गाडी बाबांची, २००६ सालची, सगळं आयुष्य रत्नागिरीत गेलेली. वरून रंग इतका छान की लोक अजून विचारतात, विकणार का म्हणून. दर वर्षी पॉलिश होत होतं, ऑइल वेळच्या वेळी बदललं जात होतं, आणि दोनच वर्षं आधी खालून काळा कोटही मारून घेतला होता. काळजी घेतली जात होती, फक्त ती पाणी साचतं तिथपर्यंत पोचत नव्हती. किनाऱ्यालगत जुनी गाडी सांभाळणाऱ्या बऱ्याच घरांत हेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

पाण्याची वाट बुजू देणं

आमच्या गाडीत पाणी खालून आलंच नव्हतं. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली, एक पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिथे उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून मडगार्डमागून जमिनीवर पडतं. आमची गाडी आंब्याखाली उभी राहते. मोहोर आणि पाचोळा त्या पन्हळीत पडून कुजला, त्याचा चिखल झाला, भोकं बुजली. मग पन्हळ भरली की पाणी ब्लोअरच्या हवा घ्यायच्या तोंडातून आत उतरू लागलं. गालिच्याखालचा फोम ते स्पंजासारखं धरून ठेवतो आणि वरचा गालिचा मात्र हाताला कोरडा लागतो. काचा आतून सारख्या धूसर होणं आणि सकाळी दार उघडल्यावर कुबट वास येणं, या त्याच्या पहिल्या खुणा. आम्ही दोन पावसाळे त्या वासावर सुगंधी डब्या लावत राहिलो.

मे महिन्याच्या शेवटी बॉनेट उघडून त्या पन्हळीतला पाचोळा हाताने काढायचा आणि दोन्ही बाजूंना तांब्या-तांब्याभर पाणी ओतायचं. चाकाच्या मागे लगेच धार पडली तर वाट मोकळी आहे. तुंबलं तर माडाच्या झाडूचा हीर घालून मोकळी करायची. स्क्रूड्रायव्हर घालू नका, त्याने आतला रंग खरवडतो आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो.

दारांचंही तसंच. काचेच्या रबराच्या कडेने पाणी दारात शिरतंच, ते अडवायची रचनाच नसते. दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन बारीक फटी असतात, तिथून ते बाहेर पडतं. त्या फटी चिखलाने बुजतात, आणि त्याहून वाईट म्हणजे रंगारी कधी कधी त्या सीलंटने नीट भरून देतात, काम स्वच्छ दिसावं म्हणून. गाडी रंगवून आणली की पहिल्यांदा तिथे हीर घालून बघा. दाराखालचा पत्र्याचा पोकळ उंबरा आणि डिकीतला स्टेपनीचा खड्डा या आणखी दोन जागा. मागच्या दिव्याचं रबर कडक झालं की स्टेपनीखाली पाणी साचतं आणि स्टेपनी लागेपर्यंत कोणी तिकडे बघत नाही.

ओल सापडलीच तर नुसते दरवाजे उघडे ठेवून भागत नाही. दारापाशी गालिचा दाबून धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढा, गालिचा उचला आणि खाली चार करवंट्या उपड्या ठेवा म्हणजे हवा खेळते. कडक उन्हात दोन-तीन दिवस लागतात.

वरून धुणं आणि खालचा खार तसाच ठेवणं

लोखंडाला गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन पुरतो. मीठ मिसळलं की त्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि तेच काम कित्येक पट वेगाने होतं. शिवाय हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते याचमुळे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा बहुतेक दिवस त्याच्या वरच असते, त्यामुळे खारट धूळ बसलेला पत्रा पाऊस नसतानाही ओलाच राहतो.

पाऊस गाडीचं छप्पर धुतो, पोट धुत नाही. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळच्या फेरीबोटीने जाऊन आलात, तर त्याच दिवशी खालून गोडं पाणी मारा. गाडी पुळणीवर घालूच नका. मुरुडला, गुहागरला, काशीदला लाटांच्या कडेने गाडी पळवायची हौस दर सुट्टीत दिसते, आणि ओली खारी वाळू मडगार्डच्या आतल्या कडेवर जाऊन बसते ती महिनोनमहिने तिथेच. त्या कडेवरून बोट फिरवलंत तर चिखलाची अख्खी वळकटी निघेल.

इथे आणखी एक चूक होते, जी मला बरीच उशिरा कळली. समुद्राजवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्याच पाण्याने गाडी मनापासून धुतली, तर आपणच तिला मीठ लावतो. जोर लागेल तिथे ते वापरा, पण शेवटची धार नळाच्या गोड्या पाण्याची हवी. धुतल्यावर चार-पाच किलोमीटर चालवून आणा, मग उभी करा. ओल्या गाडीवर ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचं कव्हर टाकणं म्हणजे तिला वाफेत ठेवणं.

गंजावर काळा कोट मारणं

आमच्या गाडीचा तळ बघायला आलेल्या डेंटर चाचांनी खाली सरकून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकायला सुरुवात केली. टण, टण, टण, मग एकदम थप. तिथे त्यांनी टोक लावलं तर कोट कातडीसारखा सोलून हातात आला आणि आतून ओला तांबूस भुगा गळला. “ताई, कोट चांगला आहे,” ते म्हणाले, “पण ओल्या गंजावर मारलाय. आत गेलेलं पाणी आता बाहेर कुठून येणार?”

रबरी किंवा डांबरी कोट धातू कोरडा आणि स्वच्छ असेल तरच उपयोगाचा. अडचण अशी की हे काम लोक पावसाच्या तोंडावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी गाडी देऊन संध्याकाळी घ्यायच्या बोलीवर करून घेतात. सकाळी दाबाने पाणी मारलेला तळ जोडांच्या आत संध्याकाळपर्यंत सुकत नाही. एप्रिलमध्ये करा. धुऊन पूर्ण एक दिवस उन्हात राहू द्या, तारेच्या ब्रशने गंज काढून घ्या, प्रायमर लावायला सांगा आणि मगच कोट. पाण्याची भोकं, सायलेन्सर, ब्रेकचे भाग आणि सस्पेन्शनच्या जोडांतले रबरी बुश यांवर तो जाता कामा नये. शक्य असेल तर समोर उभं राहून करून घ्या.

पोकळ भागांना, म्हणजे उंबरा, दारांचा तळ, चासीचे दांडे यांना, बाहेरून मारलेल्या कोटाचा काही फायदा नाही. ते आतून गंजतात. त्यासाठी मेणासारखा स्प्रे मिळतो, लांब नळीने भोकातून आत मारायचा. तो मऊच राहतो, जोडांच्या फटींत झिरपतो आणि तडकत नाही. मला विचाराल तर तळाच्या कोटापेक्षा आधी पैसे इथे घाला.

गाडीखाली जळकं ऑइल किंवा डिझेल मारायची पद्धत अजून आहे. डिझेलने रबरी बुश फुगून सैल पडतात, जळकं ऑइल सायलेन्सरजवळ धोक्याचं असतं, आणि दोन्ही शेवटी ठिबकून अंगणात, तिथून विहिरीकडे जातात. हे करू नका.

फोड दिसला की लांबी (पुट्टी) भरणं

गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. वर वाटाण्याएवढा फोड दिसतो तेव्हा खाली रुपयाएवढा गंज असतो. त्यावर लांबी ओढून रंग मारला की सहा-आठ महिने छान दिसतं. लांबी ओल शोषते, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तोच फोड दुप्पट होऊन वर येतो.

छोटा डाग घरी करता येतो, एका कोरड्या दिवसात. दव उतरल्यावर सुरू करा. फोडाच्या चहूबाजूंनी मास्किंग टेप लावा, पण फोडाच्या कडेला चिकटून लावू नका, दोन बोटं जागा सोडा. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने रंग आणि गंज घासून काढा, पांढरा चकचकीत धातू दिसेपर्यंत. खड्ड्यांत काळे ठिपके उरतील. तिथे रस्ट कन्व्हर्टर लावा. त्यातलं टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्ल उरलेल्या गंजाशी संयोग पावून स्थिर थर तयार करतं. टॅनिकवाला काळा पडतो, त्यावरून काम झाल्याचं कळतं. डबीवर दिलेला वेळ पाळा. मग एपॉक्सी प्रायमर, तो सुकल्यावर रंग, वर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर. खिडकीच्या गजांना लावतात तो रेड ऑक्साइड लावून तसंच सोडू नका. वर रंग नसेल तर तो पाणी आत जाऊ देतो. आणि डब्ल्यूडी-४० मारला म्हणजे गंज थांबला असं समजू नका. अडकलेला नट सोडवायला तो उत्तम आहे, पण पत्र्याचं संरक्षण त्याने फार दिवस होत नाही.

जुनी गाडी विकत घेत असाल तर छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या भागावर आणि मडगार्डच्या कडांवर फिरवा. जिथे ओढ कमी लागते तिथे जाड लांबी आहे.

भोक पडल्यावर एम-सील

तळातल्या भोकावर एम-सील, फायबर किंवा चिकटपट्टी लावून भागवू नका. त्यावर तुमचे पाय असतात आणि खालून पेट्रोलची, ब्रेकची नळी गेलेली असते. कुजका पत्रा चांगल्या धातूपर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करायचा. पत्रा पातळ असतो, ग्रिलवाल्याच्या साध्या वेल्डिंगने तो जळतो, म्हणून सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू वापरून केलेलं) वेल्डिंग करणाराच शोधा. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची, गालिचा बाहेर काढायचा आणि नळ्या बाजूला घ्यायच्या. वेल्डिंगच्या उष्णतेने पाठीमागचा रंग जळून जातो. ती बाजू तशीच राहिली तर नवा तुकडा जुन्याच्या आधी गंजतो. चाचांनी दोन्ही बाजूंनी प्रायमर लावला, जोडावर सीलंट ओढला आणि दुसऱ्या दिवशी उंबऱ्यात मेण मारलं. गालिचा मी तीन दिवसांनी बसवला.

जिथे काटकसर करायची नाही

ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर गंजाचे पोपडे दिसले तर त्या बदला, घासून रंगवू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि आतून भाग गंजवतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायला हवं. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागची चाकं धरतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन दगड लावा. रेडिएटरमध्ये साधं पाणी घालून कूलंटचे पैसे वाचवलेत तर आतून गंज धरतो, आणि ते दुरुस्तीत कितीतरी महाग पडतं.

सायलेन्सरबद्दल एक सांगते, कारण याचं नवल बऱ्याच जणांना वाटतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन आलात तर सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि ती वाफ आतच पाणी होऊन साचते. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग गाडी चालवली तर तो बराच जास्त टिकतो.

नूतनीकरणाआधी तळ न बघणं

पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीच्या नोंदणीचं पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. मोटारीसाठी ही फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० केली गेली. पर्यावरण कर वेगळा. अर्ज मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करायचा असतो, ताजी फी तेव्हा परिवहनच्या संकेतस्थळावर बघा. बहुतेक जण ही फी भरतात आणि मग वर्कशॉपमध्ये कळतं की गाडीत अर्थ उरलेला नाही.

आधी गाडी रॅम्पवर घ्या. चार जॅक पॉइंट, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलंय त्या जागा, सीटबेल्टचे बोल्ट आणि चासीचे लांब दांडे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणटणीत वाजले तर दारांचे फोड, मडगार्डच्या कडा, तळातलं एखादं भोक हे सगळं थोड्या-थोड्या पैशांत होणारं काम आहे. आमची गाडी त्यात बसली. या जागांपैकी एखादी थप वाजली आणि टोक आत गेलं, तर रंगावर एक रुपयाही घालू नका. दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या, तो गाडीच्या किमतीच्या वर गेला तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या आणि गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) घेऊन आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. भंगारवाल्याला तशीच दिली तर कागदोपत्री ती तुमच्याच नावावर राहते.