किआंतीला जाताय? परतीची बस आधी बघा

पासपोर्ट, व्हिसा, विमा यांवर मी शब्द खर्च करणार नाही. सोलापुरातून युरोपला निघालेल्या माणसाला हा सल्ला गल्लीत फुकट मिळतो. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, बोटांचे ठसे द्यायला पुण्याला किंवा मुंबईला जावं लागतं, हुतात्मा नाहीतर वंदे भारत पकडा, संपलं. माझी यादी एकाच दिवसाची आहे. मुक्काम इटलीतल्या फ्लॉरेन्सला, सकाळी कपडे धुणं, औषधं, पोस्ट असली किरकोळ कामं आणि दुपारी दोघांनी किआंतीत, म्हणजे तिथून जवळच्या द्राक्षमळ्यांच्या डोंगराळ भागात, जाऊन वाइन चाखायची. सगळ्या सहलीत हा दिवस सोपा वाटतो, म्हणून त्याची तयारी कुणीच करत नाही.

पुढचं वाचायचा कंटाळा असेल तर एवढंच वाचा: संध्याकाळी परत यायची बस कोणती, ते घरून निघण्याआधी बघून ठेवा. जायची नव्हे, यायची. जायची बस हॉटेलवाला सांगतो, फोन सांगतो, रस्त्यावरचा माणूससुद्धा सांगतो. यायची कुणी सांगत नाही, कारण तुम्ही विचारतच नाही. आम्हीही विचारली नव्हती.

गाडी भाड्याने घेऊ, असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. आमच्याकडे हे म्हणाले होते. इटलीत आपल्या लायसनसोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो सोलापूरच्या आरटीओतून मिळतो आणि एक वर्ष चालतो, त्यामुळे हौस असेल तर काढा. पण फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात परवानगीशिवाय गाडी घातली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचा कागद कित्येक महिन्यांनी घरी येतो. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे वाइन चाखून गाडी चालवणार कोण? तिथे रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालतं, आपल्याकडे १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.३. आकडा थोडा सैल दिसतो म्हणून हुरळू नका. एकाने चाखायचं आणि दुसऱ्याने चाकावर बसून तोंड बघायचं, तर दोघांनी गेलात कशाला? बसने जा.

बसने जायचं, तर आता नीट ऐका. फ्लॉरेन्सपासून किआंतीतलं ग्रेव्हे गाव तीसेक किलोमीटर, आपलं सोलापूर-मोहोळ एवढं. डोंगरातला वळणाचा रस्ता असल्याने तासभर तरी लागतो. वेळापत्रकात ‘फेरियाले’ लिहिलेली बस सोमवार ते शनिवार धावते आणि ‘फेस्तिवो’ लिहिलेली रविवारी व सणाला. काही फेऱ्या फक्त शाळेच्या दिवसांत असतात, त्यांची खूण वेगळी असते. तळटीप वाचा. चष्मा लावून वाचा. मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. डोंगरात रेंज जाते आणि नेमकी तेव्हाच शंका येते. इटलीत संपही बरेच होतात, पण ते आधी जाहीर होतात आणि संपाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळचे ठरावीक तास सेवा चालू ठेवावी लागते. म्हणून आदल्या रात्री पुन्हा एकदा बघा. तिकिटं सकाळीच घ्या, दोघांची जायची आणि यायची मिळून चार. ‘टी’ची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात ती मिळतात, पण गावातलं तसलं दुकान दुपारी बंद असू शकतं. कागदी तिकिटावर बसमध्ये चढताच यंत्राचा शिक्का मारायचा. नाही मारला तर तिकीट असूनही दंड. उतरलात की लगेच ड्रायव्हरला किंवा कुणाला तरी विचारा की परतीची बस कुठे थांबते. जिथे उतरलो तिथेच ती थांबेल असं धरून चालू नका.

आणि शेवटची बस धरू नका, तिच्या आधीची धरा. शेवटची चुकली तर सांगोल्याच्या फाट्यावर हात दाखवून जीप थांबवावी तशी तिथे टॅक्सी थांबत नाही. फोन करून बोलवावी लागते, तीही असली तर.

दिवस कसा आखायचा? उलटीकडून. आधी परतीची बस, तिच्यावरून चाखायची वेळ, तिच्यावरून जायची बस आणि राहिलेल्या वेळात कामं. सगळे नेमकं याच्या उलट करतात. रविवार नको. सोमवारी सकाळी फ्लॉरेन्समधली किराण्याखेरीजची बरीच दुकानं बंद असतात, तोही नको. शनिवारी सकाळी ग्रेव्हेच्या तिकोनी चौकात आठवडी बाजार भरतो. तो बघायचा असेल तर शनिवार, नाहीतर मंगळवार ते शुक्रवार. द्राक्षतोडणी बघायची हौस असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे गणपती-नवरात्र. ते घरच्यांशी तुम्हीच मिटवा.

कामं सगळी दुपारी एकच्या आत. एक ते साडेतीन-चार बरीच छोटी दुकानं शटर ओढून घेतात, तिथे रागावून उपयोग नाही. सर्वात आधी धुलाई, कारण यंत्र लावून बाकीची कामं करता येतात. सुटी नाणी जवळ ठेवा. पोस्टात फक्त टपालाची तिकिटं घ्यायला जाऊ नका, तीही तंबाखूच्या दुकानात मिळतात. पोस्टात नंबर घेऊन बसलात तर सकाळ गेली. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो, पण बीपी-शुगरच्या गोळ्या घरूनच न्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. आणि चिठ्ठी लिहून घेतानाच डॉक्टरांना सरळ विचारा, ‘या गोळ्यांवर वाइन चालेल का?’ लाजू नका. शुगरच्या काही गोळ्या आणि उपाशीपोटी दारू मिळून साखर एकदम खाली जाते. काही अँटिबायोटिकांवर थेंबसुद्धा चालत नाही. चामड्याची पर्स वगैरे घेणार असाल तर मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. एका दुकानात ७० युरोंच्या वर खरेदी झाली की आपल्यासारख्या बाहेरच्यांना कर परत मिळण्याचा फॉर्म मिळतो, पण पासपोर्ट बघूनच.

वाइन चाखायची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, दारात जाऊन उभं राहून चालत नाही. ठरवताना तीन गोष्टी लिहून विचारा. बसथांब्यापासून मळा किती लांब आहे? बरेच मळे टेकडीवर कच्च्या रस्त्याने आत असतात, चालत जाता येईल असाच निवडा. तुम्ही शाकाहारी आहात, तर सोबत काय देता? सांगितलं नाही तर ताटात सलामी, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप, येतील. बऱ्याच चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं, हे कडक पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आणि तिसरं, कार्यक्रम किती वाजता संपतो? हे कशासाठी विचारायचं, ते आता मी सांगायला नको.

एक तालीम मात्र जिल्ह्यातच करून जा. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्राटेली या वाइन कंपनीचा मळा आहे, आधी कळवून बघायला जाता येतं. मोहिते-पाटील घराण्यातले भाऊ आणि इटलीतले सेक्की बंधू यांनी दिल्लीच्या सेखरींसोबत तो उभा केला. वाइन बनवायला पिएरो मासी हे टस्कनीचेच, म्हणजे किआंती ज्या प्रांतात आहे तिथलेच, गृहस्थ आले. किआंतीत जी सांजोव्हेसे द्राक्षं बघायला एवढ्या लांब जाताय, ती माळशिरस तालुक्यातही लावलेली आहेत. इथे एकदा पेला हातात धरून, हलवून, वास घेऊन, घोट तोंडात फिरवून बघितला की तिथे अवघडल्यासारखं होत नाही. घोट थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकणं असभ्य समजत नाहीत. पान खाणाऱ्या सोलापूरकराला वेगळं शिकवायला नको. पेल्यात थोडीच ओततात, पण पाच-सहा प्रकार गिळत गेलात तर घड्याळ दिसेनासं होतं. घड्याळ कशासाठी बघायचं? बससाठी. मोबाईलवर गजर लावा, दोघांच्याही.

नान्नजकडे नातेवाईक असतील तर जाण्याआधी त्यांच्या बागेतही एक चक्कर मारा. तिथल्याच नानासाहेब काळ्यांनी थॉमसन द्राक्षातून सोनाका ही जात निवडून काढली, त्यामुळे गावात द्राक्षावर बोलणाऱ्यांची कमी नाही. आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी. तिथे वेल थंडीत झोपतो आणि मुख्य छाटणी हिवाळ्यात एकदाच होते. हे तिथल्या माणसाला सांगा, तो पाठ केलेलं भाषण सोडून तुमच्याशी बोलायला लागेल. किआंती क्लासिकोच्या बाटलीवर काळा कोंबडा असतो आणि आत किमान ८० टक्के सांजोव्हेसे असते. १७१६ मध्ये तिसऱ्या कोसिमो ड्यूकने या भागाची हद्द आखून दिली. एवढं माहीत असलं की पुरे. सासूबाईंना ‘द्राक्षाचे मळे बघायला चाललोय’ एवढंच सांगा, ते खोटं नाही.

खाऊन जा. कडक भाकरी न्या, दोन पेल्यांच्या मधे तोंड साफ करायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. तिथल्या ब्रेडला मीठच नसतं. शेंगाची चटणी न्या, पण पहिल्या पेल्याआधी तिला हात लावू नका. लसूण-तिखटावर लाल वाइन नुसती कडू आणि जाळ लागते. चाखून झालं की बिनमिठाच्या ब्रेडवर घाला, बहार येते. पेढे, तूप घेऊन जाऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे.

खरेदी करताना कुणीतरी गप्पा लांबवणार. आमच्याकडे कोण, ते लिहीत नाही. बसच्या वीस मिनिटं आधी थांब्यावर. वीस. बाटल्यांसाठी मजबूत पिशवी घरून न्या, म्हणजे पळायला लागलंच तर पळता येईल.

पुढचं पटापट. बाटल्या हँडबॅगेत चालत नाहीत, मोठ्या बॅगेतच टाका. आपलेच टर्किश टॉवेल गुंडाळायला उत्तम, चादर नको, तिचंच वजन जास्त होतं. कराचा फॉर्म असेल तर विमानतळावर आधी कस्टम, मग बॅग द्या. युरोपात दुसरीकडे विमान बदलत असाल तर शिक्का कोणत्या विमानतळावर मारायचा, ते आधी विचारून घ्या. भारतात माणशी दोन लिटर करमुक्त, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. दोघांचं मिळून चार लिटर म्हणून पाच बाटल्या आणता येत नाहीत, कारण हिशेब प्रत्येकाचा वेगळा धरतात. दोन तुमच्या, दोन त्यांच्या. पाचवी घेतलीच असेल तर ड्यूटीचे पैसे काढून ठेवा आणि कस्टमच्या लाल रांगेत उभे राहा.