लोंबती सक्युलंट: दमट हंगामासाठी सल्ला

पाऊस लागण्यापूर्वी लोंबत्या सक्युलंटच्या (पानांत किंवा खोडांत पाणी साठवणाऱ्या झाडांच्या) कुंड्या पारदर्शक छपराखाली घ्याव्यात, मात्र बाजू उघड्या ठेवाव्यात. चारही बाजूंनी प्लास्टिक लावले की पाऊस अडतो, पण हवा कोंडते आणि झाडे सडायची ती सडतातच.

यातल्या बऱ्याच झाडांची पर्णरंध्रे रात्री उघडतात. रात्र उष्ण आणि दमट असेल तर पानांतून बाष्प कमी जाते, मुळे पाणी ओढत नाहीत आणि कुंडी दिवसेंदिवस ओली राहते. मूळकुजीला एवढे पुरते. त्यामुळे वार ठरवून पाणी देणे या काळात बंद करावे.

स्ट्रिंग ऑफ पर्ल्स या वेलाची पाने मण्यांसारखी गोल असतात. मणी टणक असेल तर पाणी नको. सुरकुतला असेल तर आधी कुंडीत बोट घालून पाहावे. माती कोरडी असेल तर सकाळी भरपूर पाणी द्यावे. माती ओली आणि मणी सुरकुतलेले, म्हणजे मुळे गेली. आणखी पाणी दिल्यास उरलेलेही जाईल. अशा वेळी वरचे निरोगी वेल ८ ते १० सेंमी लांबीचे कापून एक-दोन दिवस सावलीत सुकवावेत आणि नव्या, जेमतेम ओलसर माती-मिश्रणावर आडवे ठेवावेत. पेरांना मुळे फुटतात. खरे तर अशी रोपे पावसाआधीच करून ठेवलेली बरी.

मिश्रणात निम्म्याहून जास्त भाग परलाइट, प्यूमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) किंवा वाटाण्याएवढे विटांचे तुकडे असावेत. बारीक वाळू टाळावी, ती पोकळ्या बुजवते. तळाला खडे घातल्याने निचरा सुधारत नाही. ही सवय सोडलेलीच बरी. कुंडी मातीची आणि मुळांच्या मानाने बेताची घ्यावी. उजेड कुंडीच्या माथ्यावर पडायला हवा, नाहीतर वेल खाली वाढतात आणि वर टक्कल पडते.

विक्रीसाठी लावणाऱ्यांनी पर्ल्स आणि बरोज टेल (शेपटीसारखे लोंबणारे सक्युलंट) यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. पहिले दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातले, दुसरे मेक्सिकोचे. उष्ण दमट रात्री दोघांनाही जड जातात. होया, डिस्किडिया आणि रिप्सालिस दमट जंगलात झाडांवर वाढतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी. मुळांशी हवा मात्र त्यांनाही लागतेच.

पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात दडतो. कापसाच्या बोळ्याने ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फक्त किडीवर लावावे. बरोज टेलवर तेलयुक्त फवारणी नको, पानांवरची मेणचट पांढरी झाक कायमची निघून जाते.