कॉम्प्युटर सायन्सच्या रिसर्चला सरकारी ग्रँट हवीय? मग आधी अकाउंट्सवाल्या काकांना भेटा

दर दोन महिन्यांनी कोणीतरी ज्युनियर विचारतोच, सर ते ग्रँटचं काय करायचं असतं, आणि मी दर वेळी छप्पन दुकानवर पोहे खाता खाता तेच तेच सांगतो, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू. मी इंदूरच्या एका प्रायव्हेट कॉलेजात शिकवतो, सिमरोलच्या आयआयटीतला नाही, त्यामुळे हे सगळं आपल्यासारख्यांसाठी आहे, ज्यांना आठवड्याला अठरा तास लेक्चर आणि वरून परीक्षेची ड्युटी असते.

पहिलं काम म्हणजे कॉल (अर्ज मागवणारी जाहिरात) शोधणं नाही, स्वतःचं अपॉइंटमेंट लेटर काढून बघणं. बहुतेक केंद्रीय योजनांना रेग्युलर नोकरीतला माणूस लागतो, कॉन्ट्रॅक्टवर असाल तर आयडिया कितीही भारी असली तरी अर्ज स्क्रीनिंगमध्येच उडतो. ते ठीक असेल तर दुसऱ्या दिवशी थेट अकाउंट्समध्ये जा. कॉलेजचं पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसे ज्यावरून येतात त्या पोर्टलवर, रजिस्ट्रेशन आहे का, आधी कुठलं सरकारी प्रोजेक्ट आलेलं का, त्याचं यूसी (पैसे कशावर खर्च झाले त्याचं प्रमाणपत्र) दिलं का, एवढं विचारा. आमच्या काकांनी मला चहा पाजून शांतपणे सांगितलं की पीएफएमएसचा पासवर्ड ज्यांच्याकडे होता ते रिटायर होऊन पुण्याला गेले. पासवर्ड परत मिळवायला सात आठवडे गेले. हे डेडलाइनच्या आठवड्यात कळलं असतं तर?

आता दारं कुठली ते बघू. सर्ब, म्हणजे विज्ञान-इंजिनीअरिंगच्या रिसर्चला पैसे देणारं केंद्राचं बोर्ड, आता राहिलं नाही, २०२३च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन म्हणजे एएनआरएफ आलं आणि सर्ब त्यातच गेलं, त्यामुळे सिनियर लोकांच्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका, नवीन पोर्टलवरचा चालू कॉल स्वतः वाचा. वय ४२च्या आत असेल तर पंतप्रधान अर्ली करिअर ग्रँट बघा, तीन वर्षांत ६० लाखांपर्यंत आणि ओव्हरहेड (कॉलेजचा वरखर्च) वेगळा, महिलांना आणि राखीव वर्गाला वयात सूट आहे. अल्गोरिदम, कॉम्प्लेक्सिटी असलं वही-पेन्सिलवालं काम असेल तर मॅट्रिक्स नावाची योजना, सर्बच्या काळात वर्षाला २ लाख, तीन वर्षं. रक्कम ऐकून लोक नाक मुरडतात, पण मशीन नको, विद्यार्थी नको, कॉन्फरन्सचा खर्च निघाला, अजून काय पाहिजे.

आपल्यासाठी सगळ्यात कामाची वाटते ती टेअर, शिक्षकांसाठीची योजना, सर्बच्या काळापासूनची. तुम्ही नोकरी आपल्या कॉलेजातच करायची आणि वर्षातले काही दिवस जवळच्या मोठ्या संस्थेत जाऊन काम करायचं. तेव्हाच्या नियमाने वर्षाला ५ लाख रिसर्चसाठी, अर्धे तिकडे अर्धे इकडे, शिवाय ६० हजार तुमचे. इंदूरवाल्याला आयआयटी अर्ध्या-पाऊण तासावर आहे भिया, लोक यासाठी गाव सोडतात! होस्टला, म्हणजे तिथल्या प्राध्यापकाला, ईमेल पाठवताना मात्र "आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची इच्छा आहे" छाप नको, त्यांचा एक पेपर वाचा आणि त्यातली एक अडचण धरून चार ओळी लिहा.

एक दार तर आपल्या गावातच आहे आणि कॉम्प्युटरवाल्यांचं तिकडे लक्षच नसतं. आरआरकॅट हे लेझर आणि अॅक्सिलरेटरचं केंद्र अणुऊर्जा विभागाचं आहे, आणि त्याच विभागाचं रिसर्चला पैसे देणारं मंडळ, बीआरएनएस, बाहेरच्या कॉलेजांना प्रोजेक्ट देतं, फक्त विभागातला एक शास्त्रज्ञ जोडीला लागतो. तिथल्या इंडस-२ अॅक्सिलरेटरसारख्या मशीनमधून रात्रंदिवस सेन्सरचा डेटा निघतो, त्यातली गडबड आधी ओळखणं हा सरळ आपला विषय झाला. इस्रोच्या रिस्पॉन्ड योजनेचंही तसंच, ते विषयांची यादीच काढतात, त्यातला घ्या, स्वतःचा घुसवू नका. भोपाळची मॅपकॉस्ट ही राज्याची विज्ञान-तंत्रज्ञान परिषद आहे, पहिल्या छोट्या प्रोजेक्टसाठी तिथेही विचारा.

आता प्रपोजल. माझं पहिलं होतं "डीप लर्निंगद्वारे भारतीय लिप्यांचं हस्ताक्षर ओळखणं". भारतीय लिप्या! सगळ्या! रिव्ह्यूत दोनच ओळी आल्या, उद्दिष्टं फार मोठी आहेत आणि प्राथमिक काम दिसत नाही. वाईट वाटलं, पण खरं होतं.

मग रामबागेत आत्याकडे गेलो. तिला मोडी वाचता येतं, घरात आजोबांच्या काळातली जमिनीची कागदं होती, होळकरशाहीतली. ती भिंग लावून वाचायची आणि मी लॅपटॉपवर लेबल मारायचो. मोडीत लेखणी न उचलता ओळ लिहीत जातात, शब्द कुठे संपला तेच कळत नाही, आत्या सुद्धा मध्येच थांबून "हे काय लिहिलंय मेल्याने" म्हणायची. तीन आठवड्यांत १४० पानं झाली. त्यात माझ्या लक्षात आलं की तारखा आणि रकमा ती पटकन वाचते, नावांवर अडते. तिथेच नवीन प्रपोजल सापडलं: फक्त आकडे आणि तारखा ओळखायच्या, नावं नंतर. युनिकोडमध्ये मोडी २०१४ला आली म्हणजे टाइप करायची सोय झाली, पण लेबल केलेली पानं कोणाकडे फारशी नव्हती आणि माझ्याकडे १४० होती. दुसऱ्यांदा मंजूर झालं. तेव्हा तुमच्याकडे आज हातात काय आहे ते पहिल्या पानावर टाका, उद्दिष्टं तीनच ठेवा, आणि रिव्ह्यूअर तुमच्या विषयातला नसेल असं धरून लिहा.

बजेटमध्ये आपले लोक हमखास चुकतात, पहिली ओळ जीपीयू सर्व्हर (एआयची गणितं करणारं महागडं मशीन) २५ लाख. अरे, तो चालवणार कोण? आधी माणूस मोजा. जेआरएफला, म्हणजे प्रोजेक्टवरच्या ज्युनियर रिसर्च फेलोला, ३७,००० आणि घरभाडं, इंदूर वाय शहर (सरकारी घरभाड्याची मधली श्रेणी) म्हणून २० टक्के धरा म्हणजे ७,४००, महिन्याचे ४४,४००. दोन वर्षांनी तो सिनियर, म्हणजे एसआरएफ, झाला की ४२,००० आणि त्यावर ८,४००. तीन वर्षांचे झाले १६,७०,४००. म्हणजे ३० लाखांच्या प्रोजेक्टमधला निम्म्याहून जास्त पैसा एका माणसाचा, आणि तो नेट किंवा गेट परीक्षा पास झालेला लागतो, त्याला शोधायलाच दोन-तीन महिने जातात. जीपीयू भाड्याने घ्या. इंडियाएआय मिशनमध्ये सरकारने ३८ हजारांवर जीपीयू उपलब्ध केलेत, तासाला सरासरी ६५ रुपये, २,००० तास धरले तरी १ लाख ३० हजार. नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या परम मशीनही आहेत. सर्व्हर घेतलात तर एसी, यूपीएस आणि मे महिन्यात जाणारी लाइट हे सगळं तुमच्या गळ्यात पडतं.

सबमिट शेवटच्या दिवशी करू नका. प्रिन्सिपलच्या सहीचं एंडोर्समेंट आणि प्लेजरिझमचं अंडरटेकिंग आधीच करून ठेवा, कारण प्रिन्सिपल नेमके त्याच दिवशी भोपाळला असतात.

मंजुरी आली की खरी गंमत सुरू होते. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून करावी लागू शकते, सँक्शन ऑर्डर नीट वाचा. दर वर्षी खर्चाचं स्टेटमेंट आणि फॉर्म जीएफआर १२-ए मध्ये यूसी द्यायचं, त्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. आणि एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती, ग्रँटच्या पैशावर बँकेने दिलेलं व्याज आपलं नसतं, ते भारतकोश या सरकारी पोर्टलवरून सरकारला परत भरायचं. आमचं पहिल्या वर्षी २,३१८ रुपये निघालं. काकांनी ते भरलं, पावतीच्या दोन प्रिंट काढल्या, एक फाइलला लावली आणि दुसरी माझ्या हातात देऊन म्हणाले, सर ही घरी ठेवा, मी पण मार्चमध्ये रिटायर होतोय.