यूट्यूबच्या कमाईत घरच्यांचे पैसे घालून घर घेताना

चॅनेल चालतंय, महिन्याला लाख-सव्वा लाख येतात, बाबा पीएफमधून काही देणार आहेत, मामाही मदत करतो म्हणालाय. मग फ्लॅट बघणं सुरू होतं, आवडतो, टोकन दिलं जातं आणि बँकेत गेल्यावर कळतं की कर्ज निम्मंच मिळणार. कारण बहुतेक वेळा एकच असतं: पैसा खात्यात आहे, पण तो कुठून आला हे सांगणारा कागद नाही. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी कागद, मग कर्जाचा आकडा, मग घर. कागद तयार व्हायला दोन वर्षं लागतात, ती घाईत भरून काढता येत नाहीत.

(इथे दिलेले कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत, कारण सीए आणि बँकवाल्यांच्या तोंडी तेच बसलेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू असल्याने फॉर्मवर क्रमांक वेगळे दिसतील.)

बँकेला तुमचा नफा दिसतो, व्ह्यूज दिसत नाहीत

पगारदाराकडे सॅलरी स्लिप असते. तुमच्याकडे तिच्या जागी आयकर विवरणपत्र, म्हणजे आयटीआर असतं. बँका साधारण दोन ते तीन वर्षांचे आयटीआर, सोबत उत्पन्नाची गणना, नफा-तोटा पत्रक आणि वर्षभराचं बँक स्टेटमेंट मागतात. मागच्या दोन वर्षांचे आयटीआर एकाच आठवड्यात भरलेले असले की फाइल तिथेच संशयात जाते. दरवर्षी मुदतीत भरा.

२०२५-२६ च्या आकारणी वर्षापासून आयटीआर-३ आणि आयटीआर-४ मध्ये सोशल मीडिया इन्फ्लुएन्सरसाठी १६०२१ हा वेगळा कोड आला आहे. ठरावीक टक्के नफा धरून कर भरायच्या दोन सोप्या पद्धती आहेत: ४४एडीए व्यावसायिकांसाठी, ४४एडी इतर छोट्या धंद्यांसाठी. तुमचं काम कशाखाली बसतं, हे सीएकडून एकदा ठरवून घ्या आणि दरवर्षी उड्या मारू नका. ४४एडीएत जमा रकमेच्या किमान ५० टक्के नफा धरला जातो. ४४एडीत डिजिटल जमेवर ६ टक्के दाखवलं तरी चालतं. नेमकी इथेच चूक होते. कर वाचवायला नफा कमी दाखवला की कर्जही तेवढंच कमी होतं.

हिशेब करून बघा. वर्षाची जमा १५ लाख. ४४एडीएने ५० टक्के धरले तर नफा साडेसात लाख, म्हणजे महिना ६२,५००. हप्त्याला उत्पन्नाचा निम्मा भाग मोकळा धरला तर ३१,२५०. साडेआठ टक्के दर आणि २० वर्षं मुदत असेल तर लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. कर्ज बसतं ३६ लाखांचं. आता त्याच वर्षी तुमचा खरा खर्च, म्हणजे एडिटर, कॅमेरा, प्रवास, इंटरनेट मिळून, ३० टक्केच होता असं समजा. खरा नफा साडेदहा लाख. तो दाखवला तर कर्ज ५० लाखांवर जातं. ५० टक्के ही किमान मर्यादा आहे, खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो. आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे साडेसातच्या जागी साडेदहा लाख दाखवून एक रुपयाही जादा कर पडत नाही. हे ठाऊक नसल्याने कितीतरी जण चौदा लाखांचं कर्ज हातचं घालवतात.

कमाईसाठी वेगळं चालू खातं उघडा. ॲडसेन्स (गूगलकडून येणारे जाहिरातींचे पैसे), ब्रँडचे पैसे, सुपरचॅट (लाइव्हमध्ये प्रेक्षक देतात ते) सगळं त्यातच येऊ द्या. प्रेक्षकांनी यूपीआयवर "गिफ्ट" म्हणून पाठवलेले पैसेही धंद्याचीच जमा आहेत. ब्रँडने दिलेला फोन तुम्ही ठेवून घेतला तर तोही उत्पन्नात धरायचा, वर्षाला २० हजारांच्या वर गेलं की ब्रँडला त्यावर १९४आरखाली १० टक्के टीडीएस भरावा लागतो. तो वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये दिसतो, आणि आयटीआर त्याच्याशी जुळला नाही तर कर्जाच्या ऐन वेळी नोटीस येते. सेवेची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. परदेशातून येणारी रक्कमही त्यात मोजतात. यूट्यूबच्या टॅक्स माहितीत डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म भरलेला असू द्या. भारतातल्या निर्मात्याचा तो भरलेला असेल तर अमेरिकी प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवरच १५ टक्के कापले जातात, नसेल तर एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत.

घराची किंमत आणि हातातली रक्कम

पुणे महापालिका हद्दीतला ७० लाखांचा जुना फ्लॅट घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के एवढंच कर्ज देता येतं. १० लाखांवरच्या घराला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ५६ लाख, आणि तुमच्या खिशातून:

- फरक: १४ लाख
- मुद्रांक शुल्क ७ टक्के: ४ लाख ९० हजार
- नोंदणी: १ टक्का, पण कमाल ३० हजार
- दलाली १ टक्का धरली तर: ७० हजार
- सोसायटीचं हस्तांतरण प्रीमियम: महापालिका हद्दीत कमाल २५ हजार
- वकील, बँकेची प्रोसेसिंग, गहाणाची नोंद: पाऊण लाख तरी बाजूला ठेवा

हे झाले सुमारे २१ लाख. त्यावर सहा हप्त्यांची गंगाजळी. ५६ लाखांचा हप्ता ४८,६०० च्या आसपास, म्हणजे आणखी २ लाख ९२ हजार. एकूण २४ लाख. "वीस टक्के भरले की झालं" हे ऐकून निघालेला माणूस इथे दहा लाखांनी कमी पडतो आणि मग नातेवाइकांकडे धावतो. हा हप्ता बसायला वर्षाचा नफा पावणेबारा लाखांच्या घरात दाखवलेला हवा.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी रेडीरेकनर (सरकारने ठरवलेला दर) यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. विकणाऱ्याने काही रक्कम रोखीत मागितली तर थांबा. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेणं २६९एसएसमध्ये अडकतं, आणि ती रोख तुमच्या आयटीआरमधून आलेली नसते, हे आणखी वाईट. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर विकलेल्या घरावर नाही. बिल्डर नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून जास्त मागत असेल तर तो रेरा या घरबांधणी नियमन कायद्याच्या कलम १३ चा भंग आहे, देऊ नका.

घरच्यांचा पैसा: कुणाकडून, कसा

नातेवाइकाने दिलेली भेट कितीही मोठी असली तरी करमुक्त आहे. पण नातेवाईक म्हणजे कोण, हे आपल्या घरातल्या समजुतीवर ठरत नाही. ५६(२)(एक्स) च्या यादीत नवरा-बायको, भाऊ-बहीण, जोडीदाराचे भाऊ-बहीण, आई-वडिलांचे भाऊ-बहीण, स्वतःच्या आणि जोडीदाराच्या थेट वरच्या-खालच्या पिढ्या आणि या सगळ्यांचे जोडीदार येतात. म्हणजे मामा, मावशी, काका, आत्या, मामी, काकू, सासू-सासरे, मेहुणा चालतात. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेबहीण, मावसभाऊ यादीत नाहीत. एकाच वाड्यात वाढलेल्या चुलतभावाने दोन लाख दिले तर वर्षाची मर्यादा ५० हजार ओलांडली म्हणून पूर्ण दोन लाख तुमच्या उत्पन्नात धरले जातात. चुलतभावाची मदत घ्यायचीच असेल तर ती बँकेतून दिलेलं कर्ज म्हणून घ्या, परतफेडही बँकेतूनच करा.

आणखी एक गंमतीची वाटेल अशी पण खरी गोष्ट: मामाने भाच्याला दिलेली भेट करमुक्त आहे, भाच्याने मामाला दिलेली नाही, कारण नातं घेणाऱ्याच्या बाजूने बघतात. मदत पुढे परत करायची असेल तर पहिल्यापासून ते कर्ज म्हणूनच लिहा.

भेट की कर्ज, हे पैसे हलण्याआधी ठरवा. बँक भेट तुमच्या हिश्श्यात धरते. कर्ज लिहिलं तर त्याचा हप्ता तुमच्या निम्म्या उत्पन्नातून वजा होतो. रक्कम गृहकर्जाच्या अर्जाआधी तीन-चार महिने तुमच्या खात्यात येऊन राहिली तर प्रश्न कमी येतात. पैसे बँकेतून गेल्यावर देणाऱ्याने साध्या घोषणापत्रात असं लिहून द्यावं:

"मी, ___, पॅन ___, माझा मुलगा ___, पॅन ___, यास दिनांक ___ रोजी माझ्या ___ बँकेतील बचत खात्यातून ___ रुपये प्रेमापोटी व स्वखुशीने बक्षीस दिले आहेत. ही रक्कम मला भविष्यनिर्वाह निधीतून मिळाली होती. ती परत मागण्याचा माझा हक्क किंवा घेतल्या जाणाऱ्या घरात माझा हिस्सा नाही."

"देत आहे" असं न लिहिता "दिले आहेत" लिहा, कारण व्यवहार आधीच पुरा झालेला आहे आणि कागद फक्त त्याची नोंद करतो. रीतसर बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्काचा प्रश्न उभा राहतो, त्यामुळे मजकूर वकिलाला एकदा दाखवा. पैसा कुठून आला ते वाक्य गाळू नका. बँक आणि आयकर दोघेही तेच विचारतात.

पैसा वडिलोपार्जित शेती विकून येणार असेल तर तो एकट्या बाबांचा नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींनाही जन्मतः समान हक्क आहे. बहिणीचा हिस्सा तिला द्या, किंवा ती खरोखर स्वखुशीने सोडत असेल तर विक्रीआधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. "ती काय मागणार आहे" या भरवशावर घर उभं करू नका. शहरातला प्लॉट किंवा सोनं विकून त्या नफ्यावरच्या करात ५४एफची (पैसे घरात गुंतवल्यावर मिळणारी) सूट घ्यायची असेल तर विकणाऱ्यानेच घर घ्यायला हवं. प्लॉट बाबांनी विकला आणि घर फक्त मुलाच्या नावावर झालं, तर बाबांची सूट धोक्यात येते.

आणि बाबांचा पीएफ सगळा घेऊ नका. त्यांचा आरोग्यविमा आणि काही वर्षांचा घरखर्च बाजूला राहिल्यावर उरेल ते घ्या. कमी पडलं तर घर लहान घ्या.

नाव कुणाचं

महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. वरच्या उदाहरणात ७० हजार. नवऱ्याचं किंवा मुलाचं नाव जोडलं की ती जाते. म्हणून "आईच्या नावावर करून टाक" असा सल्ला हमखास मिळतो. पैसे मुलाचे, नाव एकट्या आईचं, असं केलं तर बेनामी व्यवहार कायद्याचा प्रश्न येतो. त्या कायद्यात जोडीदार आणि मुलांच्या नावावर ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या घराला सूट आहे. आई-वडील आणि भावंडांच्या बाबतीत मात्र दस्तात तुमचं नाव सहमालक म्हणून असावं लागतं. ७० हजारांसाठी हा धोका पत्करू नका. आईला पैसे खरंच भेट देऊन तिने घर घेतलं तर कायद्याला अडचण नाही, पण मग घर तिचं, आणि मृत्युपत्र नसेल तर तुमच्या भावंडांचंही. बायकोच्या नावावर तुमच्या पैशाने घेतलं आणि भाड्याने दिलं, तर भाडं तुमच्या उत्पन्नात धरलं जातं.

सहकर्जदार घेतानाही वय बघा. बाबांची पेन्शन जोडली की कर्जपात्रता वाढते, पण ज्याचं उत्पन्न धरलं त्याच्या वयावर मुदत ठरते. साठीच्या बाबांमुळे मुदत १० वर्षांवर आली तर ५६ लाखांचा हप्ता ४८,६०० वरून ६९,४०० होतो. नोकरी करणारी बायको किंवा बहीण सहकर्जदार म्हणून जास्त उपयोगी पडते.

हप्ता सुरू झाल्यावर

ॲडसेन्सचे पैसे २१ ते २६ तारखेदरम्यान सुटतात आणि बँकेत यायला काही दिवस घेतात. हप्त्याची तारीख ५ किंवा १० मागून घ्या. दिवाळीआधी ब्रँडची कामं भरपूर असतात, जानेवारीत जाहिरातींचे दर उतरतात. चॅनेलवर ९० दिवसांत नियमभंगाच्या तीन स्ट्राइक आल्या तर ते बंद होतं. म्हणून ते सहा हप्ते वेगळ्या मुदत ठेवीत ठेवा आणि नव्या कॅमेऱ्यासाठी तिला हात लावू नका.

५० लाख किंवा जास्त किमतीचं घर असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची. जुन्या कायद्यात त्याला फॉर्म २६क्यूबी म्हणत, आणि पैसे दिलेला महिना संपल्यापासून ३० दिवसांत तो भरायचा. दोन खरेदीदार असतील तर दोघांचे वेगळे. विकणारा परदेशी राहत असेल तर दर आणि रीत दोन्ही बदलतात, ते सीएकडूनच करून घ्या.

ताबा मिळाल्यावर सोसायटीचं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), मालमत्ताकर आणि वीजमीटर यांवर नाव लावून घ्या. भेटीच्या घोषणापत्राची मूळ प्रत इंडेक्स २, म्हणजे दस्तनोंदणीच्या उताऱ्यासोबत ठेवा. गृहप्रवेशाचा व्हिडिओ जरूर करा, पण करारनामा आणि इंडेक्स २ कॅमेऱ्यासमोर धरू नका. त्यावर घराचा पूर्ण पत्ता असतो, करारात तर पॅन आणि घरच्यांच्या सह्याही.