कणीक फुगेपर्यंत लोकर

लहान मुलांसोबत घरी पाव भाजायचा म्हटले की खरी अडचण मळण्याची नसते, वाट पाहण्याची असते. यीस्ट घातलेली कणीक फुगायला तासभर घेते, वळलेले पाव पुन्हा अर्धा तास थांबवतात, आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला हा वेळ फार मोठा वाटतो. लोकरीची साधी कामे नेमकी याच वेळात बसतात. आमच्या घरी गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी ही दोन्ही कामे आम्ही एकत्र करतो. कणीक भिजवून झाकली की हात धुऊन लोकर घ्यायची, आणि लोकर आवरून पुन्हा हात धुतले की पाव वळायचे, असा त्या सकाळचा क्रम असतो. चार ते सात वर्षांच्या दोन किंवा तीन मुलांसाठी तो येथे दिला आहे. मुले त्याहून अधिक असतील तर मदतीला आणखी एक मोठे माणूस हवे.

प्रथम लोकरीविषयी, कारण ती आदल्या दिवशीच आणून ठेवावी लागते. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारे रंगीत गुंडे बहुतेक वेळा ॲक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असतात. गोंडे आणि दोऱ्या यांसाठी ते पूर्ण चालतात, स्वस्त असतात आणि त्यांत रंगही भरपूर मिळतात. साबणाच्या पाण्यात चोळून चेंडू करायचा असेल तर मात्र मेंढीचीच लोकर हवी. खऱ्या लोकरीच्या प्रत्येक केसावर सूक्ष्म खवले असतात. कोमट पाणी, साबण आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर घट्ट होत जाते. ॲक्रिलिकला हे खवले नसतात, त्यामुळे ते कितीही चोळले तरी सुटेच राहते. एकदा शुद्ध लोकर म्हणून विकत आणलेल्या गुंड्यावर दोन मुलांनी अर्धा तास मेहनत केली आणि हाती ओला गुंता आला. तेव्हापासून मी आधी परीक्षा करते. धाग्याचे बोटभर टोक चिमट्यात धरून मोठ्यांनी मोरीत किंवा धातूच्या ताटलीवर पेटवावे. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरगळते. कृत्रिम धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. तो वितळतो हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, म्हणून लोकरीचे काम शेगडी आणि ओव्हनपासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत मांडावे. केसाळ तंतू कणकेत जाण्याचा प्रश्नही त्यामुळे सुटतो.

आता कणीक. आठ लहान पावांसाठी 300 ग्रॅम गव्हाचे पीठ, 4 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट (चहाचा सपाट सव्वा चमचा), 5 ग्रॅम मीठ, 20 ग्रॅम चिरलेला गूळ, 20 मिलीलिटर तेल आणि साधारण 210 मिलीलिटर कोमट पाणी लागते. पीठ चाळू नये, कोंडा तसाच राहू द्यावा. घरी छोटा वजनकाटा असेल तर वजन करण्याचे काम मुलांकडेच सोपवावे, कारण काट्यावरचा आकडा 300 पर्यंत चढताना पाहण्यात पाच वर्षांच्या मुलाला जी मौज वाटते ती वाटीने मोजण्यात नसते. गूळ पाण्यात विरघळवून घ्यावा. पाणी किती कोमट हवे हे मुलाने स्वतः कोपर बुडवून ठरवावे. ते गरम लागले तर जास्त झाले असे समजावे. साधारण 60 अंशांच्या पुढे यीस्ट मरते आणि मग दिवसभर थांबले तरी कणीक हलत नाही. आमच्याकडे हे एकदा घडले, तेव्हा त्याच कणकेत तिखट, ओवा आणि कोथिंबीर घालून धपाटे लावले आणि तेही सगळ्यांना आवडले.

परातीत सर्व एकत्र करून हाताने कालवावे, पीठ कोरडे दिसेनासे झाले की लगेच मळायला न घेता झाकून पंधरा मिनिटे ठेवून द्यावे. ही पायरी लहान हातांसाठी फार महत्त्वाची आहे. पिठाला पाणी पोहोचले की त्यातील चिकट प्रथिनांचे जाळे आपोआप बनू लागते, आणि नंतर मळायला ताकद कमी लागते. चक्कीवर दळलेले पीठ मैद्यापेक्षा अधिक पाणी पिते. म्हणून ही कणीक पोळीच्या कणकेपेक्षा सैल, हाताला किंचित चिकटणारी असली पाहिजे. चिकटते म्हणून वरून पीठ घालत राहण्याचा मोह आवरावा, कारण घट्ट कणकेचा पाव विटेसारखा होतो. हाताला तेल लावावे आणि प्रत्येक मुलाला संत्र्याएवढा गोळा तोडून द्यावा. तळव्याच्या टाचेने पुढे ढकलायचे, घडी घालायची, फिरवायचे, एवढेच शिकवावे. पाच मिनिटांनी सर्व गोळे एकत्र करून मोठ्यांनी आणखी चार-पाच मिनिटे मळावे, तेल लावलेल्या पातेल्यात ठेवावे, ओलसर फडक्याने झाकावे आणि बाहेरून पातेल्यावर कणकेच्या उंचीची खूण करून ठेवावी. कच्ची कणीक मुलांना खाऊ देऊ नये. उन्हाळ्यात ती तासाभरात दुप्पट होते, थंडीत दोन तासही लागतात.

हात धुऊन मुले लोकरीकडे वळली की पहिल्या दिवशी गोंड्यांपासून सुरुवात करावी, कारण त्यात चुकण्यासारखे फारसे काही नाही. सर्वांत सोपा गोंडा जेवणाच्या काट्यावर होतो. काट्याच्या दातांभोवती लोकर पन्नास वेळा गुंडाळायची. मोजण्यात मूल चुकले तरी बिघडत नाही, पण पन्नासपेक्षा फार कमी वेढे झाले तर गोंडा विरळ दिसतो. मग वीतभर लांब दुसरा धागा मधल्या दातांमधून घालून वेढ्यांच्या कमरेवर शक्य तितका घट्ट बांधायचा. ही गाठ मोठ्यांनी मारावी, कारण गोंडा टिकणे या एका गाठीवर अवलंबून असते. वेढे काट्यावरून सरकवून दोन्ही बाजूंचे फास कापले की छोटा गोंडा तयार होतो. मोठ्या गोंड्यासाठी पुठ्ठ्याच्या 7 सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या घ्याव्यात, मध्ये 2.5 सेंटिमीटरचे भोक पाडावे आणि एका बाजूने फट कापून त्यांना घोड्याच्या नालेचा आकार द्यावा. फट नसेल तर गुंडा प्रत्येक वेळी भोकातून ओढून काढावा लागतो आणि मुले तिसऱ्या मिनिटाला कंटाळतात. दोन्ही चकत्या एकावर एक ठेवून भरगच्च गुंडाळावे, मग बाहेरच्या कडेने चकत्यांमधून कात्री चालवावी आणि चकत्यांच्या मधल्या फटीत धागा घालून आवळावा. बेंदराला किंवा पोळ्याला मातीचे बैल आणत असाल तर त्यांच्या शिंगांसाठी काट्यावरचे गोंडे नेमक्या मापाचे होतात.

धुऊन पिंजलेली खरी लोकर मिळाली तर चेंडू करून पाहावा. मुठीएवढी सैल लोकर घेऊन तिचे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे गुंडाळावेत, कोमट पाण्यात साबण विरघळवून त्यात ती बुडवावी आणि दोन तळव्यांमध्ये फिरवायला सांगावे. पहिली तीन-चार मिनिटे हात अगदी हलका हवा, हातात चिमणीचे पिल्लू आहे असे समजून. सुरुवातीलाच दाबले तर चेंडूला घड्या पडतात आणि त्या नंतर मिटत नाहीत. चेंडू आपला आकार धरू लागला की जोर वाढवत न्यावा; दहा ते पंधरा मिनिटांत तो लिंबापेक्षा लहान आणि घट्ट होतो. मग गार पाण्यात साबण काढून, पिळून, सावलीत एक-दोन दिवस वाळवावा. मेंढीच्या लोकरीला ओलेपणी येणारा वास काही मुलांना आवडत नाही. त्याचा आग्रह धरू नये. आजोबांच्या घरची घोंगडी ज्यांनी पांघरली आहे त्यांना तो वास मात्र लगेच ओळखू येतो.

यात मुलाच्या कामात किती हात घालायचा हा प्रश्न येतो. माझे मत असे आहे की गाठ, कात्री आणि ओव्हन या तीन गोष्टी मोठ्यांच्या, बाकी सर्व मुलाचे. गोंडा एका बाजूला झुकलेला असेल तर तो छाटून गोल करण्याची घाई आपल्यालाच झालेली असते. मुलाने विचारल्याशिवाय छाटू नये. तीन वर्षांखालील भावंडे घरात असतील तर लोकरीचे तुकडे आणि मणी लगेच उचलावेत, आणि लांब दोरी कोणीही गळ्याभोवती घालणार नाही याकडे सतत लक्ष ठेवावे.

कणीक खुणेच्या दुप्पट वर आली की ओले बोट तिच्यात रुतवून पाहावे. खळगा हळूहळू थोडासाच भरत असेल तर ती तयार आहे. लोकर आवरून, कपडे झटकून, हात साबणाने धुऊन मुलांना पाटाशी बसवावे. कणकेचे 70 ग्रॅमचे आठ भाग करावेत आणि प्रत्येकाच्या कडा खाली वळवत गोल उंडा करावा. वरच्या बाजूला पाणी लावून तो गव्हाच्या कोंड्यात बुडवला की पाव गोव्यातल्या पोय नावाच्या पावाची आठवण करून देणारा दिसतो. तिकडचे पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पोयसाठी कोंडा वापरतात, आणि पूर्वी पीठ फुगवायला यीस्टऐवजी माडाची सूर, म्हणजे ताडी, घालत असत. मुलांना साप, गोगलगाय, वेणी असे आकार करायचे असतील तर जरूर करू द्यावेत. फक्त जाडी सारखी ठेवायला सांगावे, नाहीतर शेपटी करपते आणि पोट कच्चे राहते.

पाव तेल लावलेल्या ताटात झाकून पुन्हा तीस-चाळीस मिनिटे ठेवायचे असतात, आणि हा वेळ पीळ घातलेल्या दोरीसाठी पुरेसा असतो. दोन मीटर लांबीचे तीन धागे एकत्र घेऊन दोन्ही टोके दोन पेन्सिलींना बांधावीत. दोन मुलांनी समोरासमोर उभे राहून धागे ताणून धरावेत आणि प्रत्येकाने पेन्सिल आपल्या उजवीकडे, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवत राहावे. दोघे समोरासमोर असल्यामुळे पीळ दोन्हीकडून चढत जातो. धागा किंचित सैल सोडताच तो स्वतःभोवती गुरफटू लागला म्हणजे पीळ पुरे झाला. मग मोठ्यांनी मधोमध धरून दोन्ही टोके जवळ आणावीत आणि मधला भाग सोडावा. दोरी सरसरत आपोआप वळली जाते. वाखाचा कासरा याच तत्त्वावर वळतात, एक पीळ दुसऱ्या उलट्या पिळाने अडवून. टोकाला गाठ मारली की मीटरभराहून थोडी कमी लांब दोरी हाती येते.

ओव्हन 190 अंशांवर तापवून पाव वीस ते बावीस मिनिटे भाजावेत. पाव उलटा करून बुडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला म्हणजे आत शिजला. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत जाड्या मिठाचा बोटभर थर, त्यावर तिवई आणि झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे आणि मग मंद आचेवर तीस-पस्तीस मिनिटे भाजावे. कढईत वरची बाजू पांढरी राहते, म्हणून शेवटी पाव तव्यावर उलटून शेकावेत. फार लहान मुले असतील आणि पावाइतका धीर नसेल तर नानकटाईने सुरुवात करावी. 100 ग्रॅम तूप आणि 80 ग्रॅम पिठीसाखर फेसून त्यात 120 ग्रॅम गव्हाचे कोरडे पीठ, 40 ग्रॅम बेसन, 30 ग्रॅम नाचणीचे पीठ, पाव चमचा बेकिंग पावडर आणि वेलदोडा घालावा, गोळे वळावेत आणि 165 अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे भाजावेत.

पाव ओव्हनमधून काढल्यावर जाळीवर निदान अर्धा तास निवू द्यावेत, कारण गरम असताना कापले तर आतील भाग ओला आणि चिकट लागतो. तेवढ्या वेळात दोरीच्या दोन टोकांना सकाळचे दोन गोंडे बांधून घ्यावेत. पूर्ण निवलेले पाव सुती फडक्यात गुंडाळावेत आणि ते गाठोडे त्या दोरीने बांधावे, म्हणजे शेजारच्या आजींकडे चार पाव पोहोचवायला मुले स्वतःच निघतात. उरलेले पाव फडक्यात दोन दिवस चांगले राहतात. तिसऱ्या दिवशी ते तव्यावर तुपात शेकून घ्यावेत.