पायातले स्क्रू काढायचे की राहू द्यायचे? (लिसफ्रांकवाल्यांसाठी)

पावसाळ्यात जिन्याची शेवटची पायरी चुकली, पाऊल चवड्यातून दुमडलं आणि त्यावर माझं ८० किलो वजन. पहिल्या एक्सरेत काही दिसलं नाही, "मुरगळलंय, क्रेप बांधा" म्हणून घरी पाठवलं. चौथ्या दिवशी तळव्याच्या मधोमध काळंनिळं झालं तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी पायावर उभं करून एक्सरे काढला आणि लिसफ्रांक इंज्युरी निघाली, म्हणजे पावलाच्या मधोमध, बोटांकडे जाणारी लांब हाडं जिथे मागच्या हाडांना जोडलेली असतात त्या सांध्याची दुखापत. (हा लिसफ्रांक म्हणजे नेपोलियनच्या काळातला फ्रेंच सर्जन, तो या सांध्यातून पाऊल कापायचा. आपलं स्क्रूवर भागलं.)

ऑपरेशन झालं, वॉकर झाला, फिजिओ झाली आणि मग जो तो विचारायला लागला, "स्क्रू कधी काढणार?" मामा म्हणाले शरीरात लोखंड ठेवू नये, शेजारच्या काकू म्हणाल्या थंडीत ठणकेल. साधं लोखंड नसतं ते, टायटॅनियम नाहीतर स्टेनलेस स्टील असतं आणि नुसतं आत आहे म्हणून काही करत नाही. तर काढायचं की ठेवायचं हे कसं ठरवायचं ते सांगतो.

आधी पायात नक्की काय घातलंय ते बघा. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट काढा, कारण "प्लेट टाकलीय" एवढ्याने काही कळत नाही. करंगळीच्या बाजूला नुसत्या तारा असतील तर प्रश्नच नाही, त्या साधारण सहा आठवड्यांनी काढतातच, पायाची ती बाजू हलती राहिली तरच खडबडीत रस्त्यावर चालता येतं. सांधाच कायमचा जोडून टाकला असेल, म्हणजे फ्यूजन, तर हाड जुळल्यावर स्क्रूंचं काम संपलं, पण त्रास नसेल तर ते तसेच राहू देतात. दोरा आणि बारीक धातूची बटणं बसवली असतील तर तीही शक्यतो आतच राहतात. खरा घोळ उरतो तो सांध्यातून आरपार गेलेल्या स्क्रूंचा आणि सांध्यावरून पूल टाकल्यासारख्या बसवलेल्या प्लेटचा. हा सांधा थोडासा का होईना हलतो, प्रत्येक पावलाला स्क्रू किंचित वाकतो, आणि तार सारखी वाकवली की तुटते तसा तोही कधीतरी तुटू शकतो. म्हणून काही सर्जन हे ठरवूनच काढतात आणि काही म्हणतात त्रास झाला तर बघू. दोघंही चूक नाहीत. त्रास नसताना काढून सगळ्यांनाच फायदा होतो असं काही पक्कं सिद्ध झालेलं नाही. आणि तुटला म्हणून घाबरू नका, हाडात रुतलेला तुकडा बरेचदा तसाच सोडतात, फक्त फ्यूजनमधला तुटला असेल तर हाड खरंच जुळलंय का ते सीटी स्कॅन करून बघावं लागतं.

काढायचं ठरलं तरी घाई नको. लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे पट्टे) भरून यायला वेळ लागतो, त्याआधी स्क्रू निघाला तर हाडं परत फाकतात, म्हणून तीन-चार महिन्यांच्या आत सहसा हात लावत नाहीत, पुष्कळदा सहा महिनेही थांबतात. काढायच्या आधी उभं राहून दोन्ही पायांचा एक्सरे मागा, झोपून काढलेल्यात फट लपते हे मी स्वतः भोगलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दुखतंय ते स्क्रूमुळेच का? एका बोटाने पायाचा वरचा भाग दाबत जा. माझं एका ठिकाणी, बुटाची लेस जिथे क्रॉस होते बरोब्बर तिथे, कातडीखाली प्लेटची कड हाताला लागायची आणि दाबलं की जीव जायचा, चप्पल घातली की काही नाही. हे हार्डवेअरचं दुखणं. मी आधी लेसची तेवढी दोन भोकं सोडून बांधून बघितलं, दोन महिने निभावलं, मग शेवटी काढून घेतलं, तुमचं कदाचित तेवढ्यावरच भागेल. पण दुखणं आत खोल असेल, सकाळी पाय आखडत असेल, चवड्यावर उभं राहिलं की कळ येत असेल, तर सांधा झिजला असण्याची शक्यता जास्त, आणि मग स्क्रू काढूनही ते दुखणं तिथेच राहणार. शंका असेल तर डॉक्टर सांध्यात बधिर करणारं इंजेक्शन देऊन बघतात, दुखायचं थांबलं तर दोष सांध्याचा. लाल होणं, गरम लागणं, पू येणं हे मात्र वेगळं प्रकरण, त्यात विचार करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

डायबिटीस असेल, त्यात पायाची संवेदना कमी असेल तर विनाकारण काढायच्या फंदात पडू नका, जखम भरताना तारांबळ उडते. सिगरेट, तंबाखू, मिश्री यांचंही तेच. एमआरआय किंवा विमानतळासाठी म्हणून काढायची तर गरजच नसते, एमआरआयवाल्यांना आधी सांगायचं आणि कागद दाखवायचा.

काढणार असाल तर इम्प्लांटचं स्टिकर शोधा. स्क्रूचं डोकं षटकोनी आहे का चांदणीसारखं, त्यावर कुठला स्क्रूड्रायव्हर लागणार ते ठरतं, आणि सर्जन दुसरे असतील तर हे आधी कळलेलं बरं. टायटॅनियमच्या लॉकिंग प्लेटचे (ज्यात स्क्रूचं डोकंही प्लेटमध्ये आटे बसून पक्कं होतं) स्क्रू कधीकधी असे घट्ट बसतात की डोकं झिजतं पण स्क्रू फिरत नाही, त्यामुळे "अर्ध्या तासाचं काम" कुणी म्हणालं तरी दिवस मोकळा ठेवा. इन्शुरन्सवाल्यांना आधीच विचारा की डे-केअरमध्ये बसतं का, आणि डॉक्टरांकडून काढायचं कारण लिहून घ्या.

जोखीम काय? इन्फेक्शन, आणि पायाच्या वरून जाणाऱ्या संवेदनेच्या नसा दुखावणं. माझ्या अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात अजून बधिर आहे, पायाचा अंगठा चपलेत नीट गेलाय का ते बघूनच कळतं. आता त्रास वाटत नाही, पण आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर बऱ्याच जणांना लगेच टेकून चालू देतात, कडक सोलचा बूट घालून, मला दुसऱ्या दिवशी बाथरूमपर्यंत जाता आलं. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघाले. पळणं, उड्या, बॅडमिंटन मात्र डॉक्टर सांगेपर्यंत बंद, माझे सहा आठवडे गेले, कारण स्क्रू निघाले तरी हाडातली भोकं भरायला वेळ लागतो. काढलेले स्क्रू हवे असतील तर ऑपरेशनच्या आधीच सांगा, माझे मिळाले, आईने औषधाच्या रिकाम्या डबीत घालून शोकेसमध्ये ठेवलेत आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते.